सव्वा मूठ गहू

धुळ्याच्या कॉलेजात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा समाजशास्त्राचे सर फळ्यावर एक त्रिकोण काढायचे. वर राज्य, खाली संस्था, त्याच्या खाली कुटुंब आणि अगदी तळाशी व्यक्ती. खडूचे हात झटकत ते म्हणायचे, समाज हा एक करार आहे, माणसांनी आपणहून मान्य केलेला. आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. करारावर सही कोणाची, हे विचारायची माझी छाती झाली नाही. पण विचारायची गरजही नव्हती. आमच्या घराण्याचा करार मला लहानपणापासून ठाऊक होता. तो गव्हाचा होता.

साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतलं आमचं गाव. पाऊस पडला तर शेती, नाही तर हरी हरी. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, तिला शालू. तिच्यासाठी जे करतात त्याला रोट म्हणतात. आदल्या दिवशी सगळे भाऊबंद जमायचे. घराण्यातला थोरला माणूस एकेका पुरुषाचं नाव घ्यायचा, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत, आणि प्रत्येक नावाला सव्वा मूठ गहू सुपातून नव्या टोपलीत पडायचा. त्या गव्हाचं पीठ, त्या पिठाच्या पुरणपोळ्या. तो रोट घराण्याबाहेरच्या माणसानं खायचा नाही. उरवायचा नाही, टाकायचा नाही, कुत्र्याला घालायचा नाही. जेवून हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात पुरायचं.

बायकांची मूठ नसे. सुना नवऱ्याच्या मुठीवर जेवायच्या, कुमारिका बापाच्या मुठीवर. लेकीचं लग्न झालं की माहेरचा रोट तिला बंद, कारण तिचं कूळ बदललं. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. खीर गोड असायची, एवढंच कळायचं.

त्या वर्षी मात्र घरात माझी अक्का होती. माझी थोरली बहीण, लग्न झालेली, आणि परत आलेली.

अक्काला रावेरकडे दिली होती. केळीचा मुलूख, ट्रक, ट्रॅक्टर, पाण्याला तोटा नाही. पोरगी केळीच्या बागेत पडली म्हणून गावात आमच्या भाऊंना, म्हणजे वडिलांना, कोण मान मिळाला होता. सहा वर्षं तिनं काही कळू दिलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो कसा असतो, ते ती चैत्रात एसटीतून उतरली तेव्हा कळलं. डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. नवऱ्यानं मारल्यावर कानातून रक्त आलं होतं, आणि मग दोन दिवस घरामागच्या केळी पिकवायच्या अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. ती तिथून निघाली ती अंगावरच्या लुगड्यानिशी. चार वर्षांची पोर मागे राहिली, कारण पोर आजीजवळ झोपली होती आणि दाराला आतून कडी होती. माहेरी आल्यापासून अक्का कुशीवर झोपायची ती चांगला कान वर ठेवून. पोर हाक मारेल, असं तिला वाटायचं.

मी सुट्टीत घरी आले की कोर्टाचं बोलायचे. नवा कायदा आहे, बायकोला छळलं तर तुरुंग आहे, आम्हाला वर्गात शिकवलंय. भाऊ ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "कोर्ट साक्रीले शे, बाई. आपन आठे ऱ्हातस."

'आठे' म्हणजे इथं, आणि या 'इथं'चा अर्थ होता आबा. आबा म्हणजे भाऊंचे थोरले भाऊ, सगळ्या भाऊबंदांचे म्होरके. विहीर सामायिक, तिच्या पाण्याच्या पाळ्या आबा लावायचे. लग्नाचा शब्द आबांचा, मयताला खांदा कोण देणार हेही आबा बघायचे. ते वाईट नव्हते. दुष्काळात त्यांनी स्वतःच्या पाळीचं पाणी आमच्या कांद्याला दिलेलं मी पाहिलंय. पण त्यांच्या डोक्यात घराण्याची घडी बसलेली होती आणि अक्का त्या घडीत कुठेच बसत नव्हती. ती ना इकडची ना तिकडची, आणि त्या वर्षी कानबाई बसवायची पाळी आमच्या घरची होती.

श्रावण लागताच आबा ओट्यावर येऊन बसले आणि भाऊंना म्हणाले, "रोटना आत पोरले सासरले धाडी द्या. नही तं आमी तुमना घर रोट खावाले येनार नहीत."

भाऊंचा चेहरा उतरला. भाऊबंद रोटाला आले नाहीत म्हणजे आम्ही घराण्यातून गेलो. मग विहिरीची पाळी नाही, माझ्या लग्नाला मांडवात माणूस नाही, भाऊंच्या तिरडीला खांदा नाही. हे कोणी बोलून दाखवत नसतं. भाऊंनी हात जोडले, रदबदली केली, आणि शेवटी असं ठरलं: रविवारी अक्कानं मागच्या खोलीत बसावं, वेगळी भाकर खावी, आणि सोमवारी कानबाई नदीला पोचवली की सासरची माणसं येऊन तिला घेऊन जातील. आबांनी त्यांना निरोपही धाडला.

अक्काला हे मी सांगितलं. ती लसूण सोलत होती. सोलतच राहिली. मग म्हणाली, "पोर तं देखसू ना तठे." पोर दिसेल, एवढंच; तिथं गेल्यावर आपलं काय होईल, याबद्दल एक अक्षर नाही. मला तिचा इतका राग आला की मी उठून परसात गेले.

मायनं या सगळ्यात चकार शब्द काढला नव्हता. आबांशी ती तशीही कधी बोलत नसे. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, आणि काही सांगायचं तर दाराआडून, भिंतीला सांगितल्यासारखं. तीस वर्षांत आबांनी तिचा चेहरा धड पाहिला असेल की नाही कोण जाणे.

शनिवारी मुठी काढायच्या होत्या. आबा पाटावर बसून नावं घेत होते, सुपाजवळ माय, आणि टोपली धरायला मी. एक नाव, एक मूठ, वर पाव मूठ. माय खाली मान घालून गहू टाकत होती. शेवटचं नाव गेल्या महिन्यात जन्मलेल्या पुतण्याचं. त्याची मूठ पडली, आबांनी हात जोडले, सगळ्यांनी डोळे मिटले.

मी मिटले नाहीत. मायचा हात पुन्हा सुपात गेला. एक मूठ, वर पाव मूठ. गहू टोपलीत पडला आणि तिनं वर फडकं टाकलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती नव्हती, धाक होता. माझे हात टोपलीवर घट्ट झाले. आमच्या घराण्यात असं कधी कोणी केलं नव्हतं. कळलं तर काय होईल हे मला कळत होतं, आणि ही मूठ कोणाच्या नावाची, हेही कळत होतं.

रात्रभर मला वाटत राहिलं की हे लपून राहील. माय मनातल्या मनात लेकीला घराण्यात घेईल, देवीला ठाऊक राहील, तिच्या जिवाला बरं वाटेल, आणि सोमवारी अक्का जाईल. बायका असंच करतात, मनातल्या मनात. मी मायला ओळखलं नव्हतं.

रविवारी दिवेलागणीला कानबाई बसली. नैवेद्य दाखवला, आरती झाली. पुरुषांची पंगत ओसरीवर बसली, पहिल्या पाटावर आबा. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी. पाणी सोडून आबांनी पहिला घास मोडला, आणि दाराआडून मायचा आवाज आला. भिंतीला नव्हे, सरळ त्यांना.

"आबा, यामा एक मूठ जास्तीनी शे."

आबांचा हात ताटावर थांबला. सगळ्या पंगतीचे हात थांबले. भाऊ वाढत होते, त्यांनी खिरीची बादली खाली ठेवली.

"कोनी?" आबांनी विचारलं.

"मनी मोठी पोरनी."

"नाव कोनं लिधं?"

"मी. मनमा."

"मनमा लिधेल नाव चालत नही."

"निवद तं दखाडी झाया," माय म्हणाली. "आते चालस का नही, ते कानबाईले पूसा."

तेव्हा मला कळलं की तिनं काय केलं होतं. गहू दळला गेला होता. पीठ एक झालं होतं. त्यातून अक्काची मूठ वेगळी काढायची सोय उरली नव्हती. खाल्लं, तर अक्का घराण्यात आली. पानावरून उठलं, तर देवीचा नैवेद्य टाकला, आणि तेही सगळ्या घराण्यानं. रोट उरवता येत नाही, टाकता येत नाही, बाहेर देता येत नाही. आबांनीच जन्मभर सांभाळलेले नियम तिनं एकेक करून त्यांच्या चारी बाजूंना उभे केले होते. मायला सहीपुरतंही लिहिता येत नव्हतं, पण आपण कुठल्या घरात नांदतोय हे तिनं तीस वर्षं डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं.

पंगतीतला एक चुलतभाऊ तणतणत उठायला लागला. आबा म्हणाले, "बठ." तो बसला. समईची वात तडतडली. आबा ताटाकडे बघत होते आणि मला वाटलं आता ताट उलटं होणार. भाऊंची रदबदली, माझं शिक्षण, कोर्ट, काही काही उपयोगाचं नव्हतं त्या वेळी. मी भिंतीला टेकून उभी होते.

मग आबा म्हणाले, "तिना नावना रोट शे तं तिले बलावा. पहिला घास ती खाई."

आबाही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी मायचा डाव उचलून अक्काच्या गळ्यात घातला होता. मी मागच्या खोलीतून अक्काला आणलं. ती दारात उभी राहिली, डोक्यावर पदर, चांगला कान जरासा पुढे. आबांनी आपल्या ताटातली एक पोळी केळीच्या पानावर ठेवून तिच्यापुढे सरकवली आणि हळू आवाजात काही बोलले. तिला ऐकू गेलं नाही.

"काय म्हनतस ते?" तिनं मला विचारलं.

आयुष्यात मला इतकं जड काही बोलावं लागलेलं नाही. मी तिच्या चांगल्या कानाशी वाकले. "हाऊ रोट खादा का सासर बंद, म्हनतस. तठे मंग तुनं काहीच नही. पोरबी नही."

मायच्या हे लक्षातच आलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ते दिसलं. तिनं लेकीला आत ओढायची वाट शोधली होती, आणि त्या वाटेच्या तोंडाशी नात उभी आहे हे तिला आता दिसत होतं. तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर घसरला, आणि तिनं तो सावरला नाही.

अक्का खाली बसली. पोळीकडे बघत राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मी तिला नंतर कितीदा विचारलं. एकदाच म्हणाली, की तिला ती अंधारी खोली आठवली, आणि वाटलं की पोरीला भेटायला जिवंत तर राहायला पाहिजे. तिनं घास मोडला, तोंडात टाकला आणि चावत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती चावत होती. एक पोळी तिनं सगळी संपवली.

मग आबा जेवले. त्यांच्या मागून सगळे जेवले.

सोमवारी कानबाई नदीवर पोचवून आलो तर अक्काचा सासरा आणि त्याच्याबरोबर दोघं जण ओसरीवर बसलेले. पोरीला आणलं नव्हतं. अक्काची नजर त्यांच्या मागे, दाराकडे, रस्त्याकडे फिरून परत आली. चहा झाला. आबा म्हणाले, "पोरनी काल आमना रोट खादा. आते ती आमनी शे. तुमी आते गाडी धरा."

काल ज्या तोंडानं त्यांनी अक्काला अडवलं होतं, त्याच तोंडानं ते आज तिच्यासाठी उभे होते. मी थक्क झाले. पण नियम म्हणजे नियम, आणि आता ती त्यांच्या टोपलीतली होती.

सासरा चिडला नाही. बागाईतदार माणूस, आमच्यासारखं शे-शे करत नव्हता, सावकाश तोलून बोलायचा. "बरं," तो म्हणाला. "ठेवा तुमची लेक. मग आमची नात आमच्याकडे. ज्याचा रोट त्याची पोर. तुमचाच कायदा आहे, आबा."

हे आबांचंच मत होतं. भाऊ खांबाला धरून उभे. सासरा उपरणं झटकून उठला. तो पायरी उतरणार तेवढ्यात अक्का आतून ओसरीवर आली, पुरुषांच्या मधोमध.

"मामंजी, काल तुमना घरबी रोट व्हता ना?"

"होता."

"तेमा मनी पोरनी मूठ व्हती का?"

सासरा हसला. "पोरींची कुठं मूठ असते?"

"मंग ती तुमनी कशी?"

ती ओरडली नव्हती, अगदी साध्या आवाजात विचारलं होतं, बाजारात भाव विचारावा तसं. सासऱ्यानं आबांकडे पाहिलं. थोरले थोरल्याला सांभाळून घेतात, त्या आशेनं पाहिलं. आणि आबा खाली जमिनीकडे बघत होते. त्यांच्या स्वतःच्या तीन लेकी होत्या, तिघी दिल्या घरी गेलेल्या. एकीच्याही नावाची मूठ त्यांनी कधी काढली नव्हती. ते त्यांच्या मनात आलं का, मला माहीत नाही. त्यांच्या मानेची शीर उडताना मात्र मी पाहिली.

मग ते उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि सासऱ्याला म्हणाले, "चाला. मी येस तुमनासंगे."

ते गेले. तो दिवस आणि दुसरा दिवस अक्का ओट्यावरून हलली नाही. पाणीसुद्धा मी हातात नेऊन दिलं. माय चुलीपुढे बसून होती, दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मायनं वाचवलं की बुडवलं, हे ठरायचं होतं. मंगळवारी शेवटच्या एसटीनं आबा आले. खांद्यावर झोपलेली पोर, तिच्या पायात एकच चप्पल. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. पोरीला त्यांनी अंगणात आलेल्या मायच्या हातात दिलं, आणि तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "ही ल्या तुमनी नात." तीस वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदा आपणहून बोलले. अक्का ओट्यावरून धावत आली ती अनवाणी, चिखलातून.

गोष्ट इथं संपली असती तर मीही ती आनंदानं सांगत फिरले असते.

पुढच्या श्रावणात कानबाई आबांच्या घरी बसली. मुठी काढताना पाळण्यातल्या पोराच्या नावानंतर आबांनी मोठ्यानं अक्काचं नाव घेतलं. माझ्या अंगावर काटा आला. मायनं मूठ टाकली आणि हात सुपावर तसाच धरून थांबली. अक्काची पोर माझ्या गुडघ्याला धरून उभी होती. आबा म्हणाले, "बस, झाया." मायचा हात हलला नाही तेव्हा ते चिडून म्हणाले, "तिना बाप जित्ता शे." म्हणजे तिकडे तिची मूठ नव्हती, कारण ती पोरगी. आणि इकडे नव्हती, कारण ती दुसऱ्याची.

रविवारी ओसरीवर पुरुष जेवत होते आणि आत आम्हा बायकांची पानं मांडली होती. अक्का पानावर बसली होती, नाव असलेली पहिली बाई. पोर तिला बिलगून बसलेली, तिच्यापुढे पान नव्हतं. मोठी काकी तिला समजावत होती, "तुले मांगे भाकर देसू, बाई." पोर शहाणी, रडली नाही. नुसती अक्काच्या पानाकडे बघत होती. मायनं मान फिरवली. या वेळी तिच्याजवळ काही युक्ती नव्हती.

अक्कानं पोळी मोडली, खिरीत बुडवली आणि पोरीच्या तोंडात घातली.

काकीच्या हातातली पळी खाली पडली. अक्कानं दुसरा घास मोडला. पळीच्या आवाजानं आबा ओसरीवरून दारात आले, हात उष्टा, आणि त्यांनी पोरीच्या गालाला लागलेली खीर पाहिली.

"काय खावाडी ऱ्हायनी तिले?"

अक्कानं चांगला कान त्यांच्याकडे वळवला, त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "रोट."

बाहेर सगळं घराणं पंगतीला बसलेलं होतं. आबांच्या एका शब्दावर सगळी उठली असती. मी पोरीचा हात धरून ठेवला होता, मला वाटतं मोडेल इतका घट्ट. आबा आमच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उष्ट्या हातानंच दार ओढून घेतलं, बाहेरच्यांना आतलं दिसू नये म्हणून, आणि आपल्या पानावर जाऊन बसले.